अंधारात वाचणारी पोरगी

बाई, तू गेल्यावरचं तुझं पुण्यानुमोदन परवा विहारात झालं, आणि तिथे माझ्या सांचीनं जे केलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. घरात बोलून पाहिलं. तुझी भावजय वंदना म्हणते, मी तिथंच होती, मले काय सांगता. बाबा कानातलं मशीन काढून खिशात ठेवतात. म्हणून एसटी स्टँडवर माझ्या खोलीत बसून लिहितो आहे. मधेमधे उठून माइकवर गाड्या सांगाव्या लागतील. तुला त्याची सवय आहे. फोनवर आपलं भांडण रंगात आलं की तूच म्हणायचीस, "जा, तुही वडसा लागली."

आपल्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात आणि शाळेतल्या मास्तरणीलाही बाईच. त्यामुळे जन्मभर सगळ्यांनी तुला एकाच हाकेनं बोलावलं. कोणाची बहीण म्हणून ओ द्यायची आणि कोणाची मास्तरीण म्हणून, याचा तुझा नेहमी घोळ व्हायचा. माझ्याशी तर तू मास्तरणीसारखीच वागलीस. मी पन्नाशीला आलो तरी तू माझ्या शर्टाची कॉलर नीट करायचीस, तीही चार माणसांत.

परवा भाषणं झाली. एक जण म्हणाला, मनमिळाऊ स्वभाव. मी वंदनाकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली. तू आणि मनमिळाऊ! तुझ्याशी ज्याचं भांडण झालं नाही असा माणूस तुला नीट ओळखतच नव्हता. तपासणीला आलेल्या साहेबाला तू तोंडावर म्हणाली होतीस, "तुमी पोरं मोजता साहेब, पोरं वाचते का ते ऐकत नाई." मुलचेऱ्याला तुझी बदली झाली ती त्यामुळेच, असं बाबा म्हणतात. तू म्हणायचीस, तिथे गेले म्हणून शहाणी झाले. हे कुठल्याच भाषणात आलं नाही. नोकरी कधी लागली, कोरपन्याहून निवृत्त कधी झालीस, तेवढं मात्र सगळ्यांनी न चुकता सांगितलं.

मूळ गोष्टीवर येतो. तुला सगळी माहीत आहे, तरी सुरुवातीपासून सांगतो, कारण माझं डोकं फिरून फिरून तिथेच जातं आहे.

मागच्या वर्षीचा वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी धम्माच्या ग्रंथाचं वाचन होतं, घरोघरच्या पाळीनं. आपल्या घराच्या पाळीला एक ठरावीक प्रकरण यावं अशी बाबांनी फार पूर्वी सोय करून घेतली आहे, कारण गावात ग्रंथ आला तेव्हा त्यातलं ते प्रकरण त्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं होतं. चौथी शिकलेला पोरगा वाचतो आहे आणि आपला आजा, ज्याला कधी कोणी शाळेची पायरी चढू दिली नाही, तो पुढे बसून ऐकतो आहे. हे आपण दोघांनी इतक्यांदा ऐकलं आहे की आपण स्वतः तिथे होतो असंच वाटतं. पाळी जवळ आली की बाबा ओसरीवर बसून त्या प्रकरणाचा सराव करतात. दर वर्षी, मोठ्यानं, तेच. सांची पाळण्यात होती तेव्हापासून ते ऐकते आहे.

त्या संध्याकाळी बाबांनी आपली पाळी नातीला दिली. सांची पाचवीत होती. पांढरा फ्रॉक घालून पुढे बसली, ओळीखाली बोट धरलं आणि वाचू लागली. काय वाचत होती बाई! बाबांसारखाच ठेका, बाबांसारखाच श्वास घेणं. आणि मध्येच लाइट गेली. पावसाळ्यात आपल्याकडे ती जातेच. सगळा विहार काळोखात बुडाला, पण पोरीचा आवाज थांबला नाही. एक शब्द अडखळली नाही. कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावेपर्यंत तिचं पान संपलं होतं.

लोक आनंदानं हसायला लागले. साधु साधु साधु म्हणून विहार दणाणून गेला. दुसऱ्या दिवसापासून ती अंधारात वाचणारी पोरगी झाली. बाबांनी ही गोष्ट चहाच्या टपरीवर सांगितली, राशनच्या रांगेत सांगितली, कोरचीहून म्हैस विकत घ्यायला आलेल्या माणसाला सांगितली. अंधारात कोणाला वाचता येत नाही, एवढी साधी गोष्ट गावात एकाच्याही डोक्यात आली नाही. सगळ्यांना ती भक्ती वाटली, हुशारी वाटली, मला तर खानदानी वाटली. साधु म्हणाली नाहीस ती एकटी तूच.

घरी येताना चिखलातून वाट काढत तू मला म्हणालीस, "विलास, पोरगी वाचत नाई."

"आत्ता काय ऐकलं मंग तू?"

"पाठ केलेलं ऐकलं. उजेडात होती तवाही बोट एका ओळीवर अन् तोंड दुसऱ्या ओळीवर होतं. मी बाजूलेच बसली होती."

मी म्हणालो, पाठ करणं ही काय कमी हुशारी आहे? तू म्हणालीस, "कमी नाई. लय हुशार आहे. म्हणूनच आजवर कोनाले सापडली नाई."

मी घरापर्यंत तुझ्यापुढे झपाझप चालत राहिलो. तुला ठाऊक होतं मला कुठे झोंबलं ते. दुसऱ्या एखाद्या घरात पोरगी वाचत नाही म्हटलं तर लोक म्हणतील, वाचेल उद्या. आपल्या घरात तसं नाही. ज्यांच्या आज्याला अक्षराला हात लावू दिला नाही, त्यांच्या लेकीच्या हातात पुस्तक आहे आणि तिला ते येत नाही, हे मी कोणत्या तोंडानं ऐकून घेऊ? शिका, हे आपल्याला अन्नाआधी सांगितलेलं आहे. मला त्या वेळी तू पोरीला शिवी दिल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर अजूनही त्या वाक्याची थोडी चीड येते.

गडचिरोली लागली. आलो.

तर, तू मागे लागलीस. आधी तिचे कान आणि डोळे तपासून आण म्हणालीस. डोळ्यांचं मी आधीच करून बसलो होतो. तिच्या वहीतली अक्षरं पाहून ब्रह्मपुरीहून चष्मा आणला होता, त्याला नंबर जवळजवळ नव्हताच. वंदना रोज बदाम भिजत घालायची आणि बुद्धीचं सिरप पाजायची. तू ती बाटली उचलून पाहिलीस आणि म्हणालीस, "गोड आहे, पिऊ दे. वाचनाचा अन् याचा काई संबंध नाई." कान ठीक निघाले, डोळेही. मग मी म्हणालो, म्हणजे आळसच आहे. त्यावर तू उठलीस. आत गेलीस आणि तुझ्या ट्रंकेतून बंगाली अंकलिपी घेऊन आलीस.

मुलचेऱ्याची ती अंकलिपी. तिथल्या बंगाली वस्त्यांतली पोरं शिकवायची म्हणून तू स्वतः ती लिपी शिकलीस. मला तू मोजकी अक्षरं दाखवलीस, समजावलीस, आणि वंदनाच्या आणि सांचीच्या समोर म्हणालीस, "आता ही ओळ वाच. मोठ्यानं. लवकर." अक्षरं ओळखीची वाटत होती आणि हातात येत नव्हती. एक लागलं की मागचं विसरत होतो. तू शेजारी बसून म्हणत होतीस, "आत्ताच तं सांगतलं. ध्यान कुठी आहे तुहं? बदाम खात जा." मला घाम फुटला. मी अंकलिपी खाटेवर फेकली. सांची पोट धरून हसत होती. तिला इतकं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"तुह्यावर ही वेळ आज आली," तू म्हणालीस, "तिच्यावर रोज येते. वर्गात, सगळ्यासमोर. आळस असता तं तिनं आख्खं प्रकरण पाठ केलं असतं का रे? वाचण्यापक्षा दसपट मेहनत केली तिनं, वाचता येत नाई हे लपवाले."

मग तू समजावलंस. डोकं कमी नाही, डोळे अधू नाहीत. बोलण्यातले आवाज आणि कागदावरचं अक्षर यांची गाठ काही पोरांच्या मेंदूत सहज बसत नाही. बाकीच्यांची आपोआप बसते, यांची एकेक करून बांधावी लागते. बांधली की बसते, पण वेळ घेते, आणि दुसऱ्याच्या वेगानं होत नाही. याला मोठं नाव आहे, तेही तू सांगितलंस. मला नावाची गरज वाटली नाही. तू म्हणालीस, पुढे दहावीला वेळ जास्त मिळायला कागद लागेल तेव्हा नावही लागेल. सांचीच्या बाबतीत आपलं पहिलं भांडण या नावावरून.

पण न वाचणाऱ्या सगळ्या पोरांना तू एका माळेत ओवत नव्हतीस, हे मला आवडायचं. आतल्या गावांतून गोंडी बोलणारं एखादं पोरगं तुझ्याकडे आणायचे, मास्तर म्हणायचे मतिमंद आहे. तू त्याच्या आईला म्हणायचीस, याला तुमच्या बोलीत एक गोष्ट सांगू द्या. पोरगं गोंडीत धबधब्यासारखं बोलायचं. त्याच बोलीतले शब्द तू त्याला तोडायला लावायचीस, जोडायला लावायचीस, ते झटक्यात करायचं. मग तू मास्तरला सांगायचीस, "याले वाचायची अडचण नाई. याले मराठीची ओळखच कोनं करून देल्ली नाई. ओळख करून द्या, धावन." आणि जे पोरगं स्वतःच्या बोलीतही आवाज तोडताना अडायचं, त्याला तू ठेवून घ्यायचीस. आपल्या सांचीला ती पळवाट नव्हती. तिच्या घरची भाषा मराठी, घरात ग्रंथ, घरात बाबा.

निवृत्त होऊन तू गावी आलीस, ती बाबांसाठी असं मला वाटलं होतं. त्या पाळीनंतरचं वर्षभर रोज सकाळी सांची तुझ्यापुढे बसली. पहिले कितीतरी दिवस पुस्तक काढलंच नाहीस. मोहाच्या बिया घेऊन बसायचात दोघी. कमळ म्हटलं की तीन बिया मांडायच्या, प्रत्येक आवाजाला एक. पहिली उचलली तर काय उरलं? मळ. बाबा ओसरीवरून विचारायचे, "पुस्तक कधी काढनार हो मास्तरीणबाई? का पोरीले मोहफुलाचा धंदा शिकवून राह्यली?" मग परातीत तांदळाची कनकी पसरून त्यात बोटानं अक्षरं. तोंडानं आवाज, बोटानं अक्षर, दोन्ही एकदम. मग पहिली वेलांटी, जी दिसते आधी आणि बोलायची नंतर. ती तू लाल पेन्सिलीनं रंगवायचीस. मग लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला खिडकी कापून तिच्यातून एकच ओळ दिसेल असं केलंस. वर खाली काही दिसत नाही, म्हणून पोरगी घाबरत नाही. थोडा वेळ, पण रोज. आणि घरात एक शब्द बंद केलास: लवकर. मी जेवताना वंदनाला लवकर वाढ म्हणालो तरी तू डोळे वटारायचीस.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत सांची माझ्याबरोबर स्टँडवर आली होती. मालेवाड्याची गाडी लागली. मी माइक हातात घेतला आणि ही खिडकीतून गाडीच्या पाटीकडे पाहून ओठ हलवत होती. मा. ले. मग थांबली. मग वा. मी माइक तसाच धरून उभा राहिलो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, कंडक्टर खोलीत डोकावून म्हणाला, साहेब, सांगा नं गाडी. मी त्याला हातानं थांबवलं. "मालेवाडा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "बराबर?" ती पाटी तिनं कोणाकडून ऐकलेली नव्हती. मी म्हणालो बरोबर, आणि मग माइकवर ते नाव इतक्या जोरात सांगितलं की स्टँडवरचे लोक वळून बघायला लागले.

हे तुला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर तू नाकावर चष्मा सरकवून "हं" म्हणाली असतीस, आणि तो तुझा हं मला सहन होत नाही. म्हटलं सांगू कधीतरी. बाई, तू माझ्या पोरीला वाचायला शिकवलंस. हे मी तुझ्यासमोर एकदाही म्हटलं नाही, आता इथे बसून म्हणतो आहे.

पण म्हणून तुझं सगळं मान्य केलं असं नाही. यंदाच्या पाळीचं भांडण अजून मिटलेलं नाही.

तू म्हणालीस, यंदा सांचीनं नवं पान वाचावं. कधी न ऐकलेलं. हळूहळू, अडखळत, पुठ्ठ्याची खिडकी धरून, सगळ्यांसमोर. आणि आधी तू उभी राहून लोकांना सांगणार, की या मुलीला वाचायची अडचण आहे, ही अशी असते, तुमच्याही घरात अशी पोरं आहेत, त्यांना मारू नका. मी म्हणालो, यंदाही तेच पाठ असलेलं पान म्हणू दे. अजून दोनतीन वर्षांनी नीट वाचायला लागेल, तेव्हा कोणाला काही कळणारही नाही.

"अन् तवापर्यंत ते खोटं वाचन?"

"तवापर्यंत तिची इज्जत."

"इज्जत तिची का तुही? का बाबाची?"

सगळ्यांचीच, मी म्हणालो. बाबांना तर काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, आत्या भाचीला अभ्यासात पुढे नेते आहे. अंधाराची गोष्ट ते अजून सांगत होते, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडत होती. अलीकडे तर लाइट सुरुवातीलाच गेली होती आणि पोरीनं सगळं प्रकरण काळोखात वाचलं होतं. त्या माणसाला जाऊन सांगायचं, की तुमची नात वाचत नव्हती? मी म्हणालो, "पोरगी आहे ते बाई, चौकात लावायची पाटी नाई. तुले गावाले शिकवाचं असन तं दुसरं कोनतं लेकरू पाय."

मग म्हणालीस, "लपवलं का तिले वाटन, आपल्यात काईतरी घान आहे. बाबाले मी सांगीन. तू नको पडू मधात." आणि चहा ठेवायला उठलीस. तो चहा आपण भांडण न मिटवता प्यायलो. त्याच आठवड्यात तू गेलीस. बाबांना सांगायचं राहिलं, आणि ते ओझं सरळ माझ्या डोक्यावर आलं. मी मध्ये पडू नये म्हणालीस आणि मलाच एकट्याला मध्ये टाकून गेलीस. याचा राग येतो मला. रडण्याआधी रागच येतो, काय करू.

तू गेल्यावर मी सकाळी सांचीसमोर बसून पाहिलं. बिया मांडल्या, पुठ्ठा धरला. तुझ्यासारखं थांबता येत नाही मला. ती अडली की शब्द माझ्याच तोंडातून बाहेर पडतो. एकदा तर मी ओरडलोच. तिनं पुठ्ठा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, तुमी आधी शांत व्हा, मंग शिकवा." हे शब्द तुझेच आहेत, मी ओळखले. वंदना आत हसली आणि मग भांडी जोरजोरात घासत बसली.

नागपूरची वेळ झाली. ही शेवटची, मग बराच वेळ गाडी नाही.

पुण्यानुमोदन ठरलं तेव्हा बाबा म्हणाले, भाषणांनंतर सांची आत्यासाठी वाचेल. ते पान, जे तिनं अंधारात वाचलं होतं. मी मनातून सुटलो. म्हटलं, चला, पाठ आहे, म्हणून टाकेल. बाबांचं दुःख मोठं आहे, थोरली लेक गेली आहे, त्यांना एवढं सुख मिळू दे. मी सांचीला विचारलं, "येते नं तुले?" ती म्हणाली, "येते." मी आणखी काही विचारलं नाही.

विहार भरला होता. पंचशील झालं, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. भाषणं झाली, ती मी सांगितली. मग सांची उठली. ग्रंथ तिच्यापुढे ठेवला. तिनं आपलं पान उघडलं नाही, बाई. वर्षावासाचं वाचन आदल्या दिवशी जिथे थांबलं होतं, तिथे खूण घातलेली होती. तिनं ती खूण काढली आणि तिथलं पान उघडलं. मग फ्रॉकच्या खिशातून पुठ्ठा काढला आणि पहिल्या ओळीवर ठेवला. मी वंदनाकडे पाहिलं. तिला माहीत होतं की नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही आणि ती सांगत नाही.

पोरगी वाचू लागली. एक अक्षर, मग दुसरं, मग दोन्ही जोडून शब्द. बाबांचा ठेका नाही, काही नाही. तिचा स्वतःचा बारीक आवाज. लोक आधी शांत होते, मग चुळबुळ सुरू झाली. दुसऱ्या की तिसऱ्या ओळीत 'प्रव्रज्या' आला. तो शब्द आपल्या विहारात भल्याभल्यांना अडवतो. ती थांबली. पुढे बसलेल्या बाबांनी तिला सांगून टाकला. ती मान वर न करता म्हणाली, "आजोबा, सांगू नका. मी वाचतो."

तिनं तो शब्द तोडला, पुन्हा तोडला, जोडला. झाला. पण पुढच्याच ओळीत पुन्हा अडकली, आणि या वेळी फार वेळ गेला. मागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गौतमभाऊ उठले. विहाराचे अध्यक्ष, तुझ्याबरोबर एका वर्गात शिकलेले, भला माणूस. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, हळूच ग्रंथ उचलून घेतला आणि लोकांना म्हणाले, "आत्यात लय जीव होता लेकराचा. दुःखानं वाचता येऊन नाई राह्यलं. ज्या पोरीनं अंधारात वाचलं, तिले आज उजेडात दिसून नाई राह्यलं." सगळा विहार हळहळला. बाबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

बघ, बाई, सुटका कशी आयती चालत आली होती. पुन्हा गावानं स्वतःच्या प्रेमानं चुकीचा अर्थ काढला होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. दुःखानं अडखळली, यापेक्षा चांगलं कारण कोणतं? बाबांची गोष्टही शाबूत राहिली असती. मी गप्प बसणारही होतो. पण सांचीनं माझ्याकडे पाहिलं. रिकामे हात तसेच पुढे होते आणि चेहरा रागानं लाल झाला होता. तो राग माझा आहे, आपल्या घरात तो सगळ्यांना मिळालेला आहे, तुला तर भरपूर मिळाला होता. मला राहवलं नाही.

मी उभा राहिलो. गाड्या सांगून सांगून माझा आवाज मोठा झाला आहे, तो त्या खोलीत फारच मोठा वाटला. मी म्हणालो, "गौतमभाऊ, दुःखानं नाई. ते अशीच वाचते. तिले वाचाले जड जाते. मागच्या वर्षी वाचलं ते पाठ होतं. बाईनं तिले वर्षभर शिकवलं, तवा आता एवढं येते."

बाबा मागे वळले. कानातलं मशीन नीट बसवलं.

"म्हंजे अंधारात ते वाचत नोयती?"

"नाई, बाबा."

"अन् आत्ता?"

"आत्ता वाचून राह्यली होती."

बाबा बराच वेळ सांचीकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हा म्हातारा उठून घरी जाणार. त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता. मग ते गौतमभाऊंकडे वळले आणि आपल्याला लहानपणी ज्या आवाजात रागवायचे त्या आवाजात म्हणाले, "मंग काऊन घेतला ग्रंथ तिच्या हातातून? दे तिले. पान सरलं नाई अजून."

गौतमभाऊंनी ग्रंथ परत ठेवला. सांचीनं पुठ्ठ्यानं आपली ओळ शोधली आणि पुढे सुरू केलं. बाई, आपल्या विहारात एका पानाला इतका वेळ कधी कोणी दिला नसेल. बाहेर खिरीचं पातेलं थंड झालं. पोरं कंटाळून अंगणात गेली आणि परत आली. मागच्या एका बाईनं शेजारणीला विचारलेलं मी ऐकलं, आमच्याही नातवाचं असंच आहे का गं? शेजारणीनं तिला गप्प केलं. बाबा पुढे वाकून ऐकत होते, ओठ आतल्या आत हलत होते, पण एक शब्दही त्यांनी बाहेर येऊ दिला नाही. त्यांना ते किती कठीण गेलं असेल हे फक्त मला ठाऊक आहे.

तू जिंकलीस असं समजू नकोस. तू आधी उभी राहून तिच्या वतीनं सांगणार होतीस, मी तिच्या वतीनं लपवणार होतो. तिनं आपल्या दोघांनाही विचारलं नाही. आपलं भांडण मला तिच्यासमोर अगदीच पोरकट वाटलं, आणि ते तुझ्याशी बोलायला तू नाहीस, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. इतके दिवस माणसं येत होती, मांडव होता, चहा होता.

पान संपलं. तिनं पुठ्ठा खिशात ठेवला आणि ग्रंथ मिटला. बाबांनी हात जोडले आणि एकटेच म्हणाले, "साधु." मग सगळे म्हणाले. सांची येऊन माझ्या शेजारी बसली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पप्पा, काऊन रडून राह्यले? मी तं पुरं वाचलं."